तळ्याकाठी तंबू, पण विहीर हवी



गेल्या माघात आम्ही गोंदिया-भंडाऱ्याकडची तळी आणि जंगलं बघायला गेलो. तंबू घेऊन गेलो आणि बरोबर आत्तींनाही नेलं. हे कळल्यापासून बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला, "आत्तींचं कसं केलंस?" आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७३. रात्री चारी आहारांचा त्याग, कंदमूळ वर्ज्य, बाजारचं काही नाही आणि पाणी विहिरीचं, स्वतःच्या हातानं गाळलेलं. एवढे नियम घेऊन बाई क्षेत्रावरच्या धर्मशाळेत राहू शकते, पण रानात तंबूत कशी राहील, हा प्रश्न बरोबरच आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. सगळं जागेवर अवलंबून असतं, म्हणून जागा कशी निवडली तेच सविस्तर लिहिते.

मुळात या प्रवासामागे दोन इच्छा होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. आमच्या लेकीला दहावीनंतर कधीतरी जंगलात तंबूत झोपायचं होतं. तिच्या डोक्यात हे मारुती चितमपल्लींच्या लेखनातून शिरलं. ते वनाधिकारी म्हणून नवेगावला बरीच वर्षं होते. आत्तींना डोंगरगडच्या चंद्रगिरीला जायचं होतं. आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी तिथे १८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. महाराज मूळचे सदलग्याचे आणि आत्तींचं माहेर त्याच भागातलं, त्यामुळे त्यांच्या लेखी ते 'आपल्याकडचे महाराज'. नकाशा उघडला तेव्हा लक्षात आलं की डोंगरगड छत्तीसगडात असलं तरी गोंदियाहून रेल्वेनं तासाभराच्या आसपास आहे. आणि गोंदियाला आपल्याकडून, कोल्हापुरातून, थेट महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. म्हणजे दोन्ही इच्छा एकाच गाडीत बसत होत्या.

पण आत्ती तयार नव्हत्या. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनी कुठे यायचंच सोडलं होतं. लग्न असो, बारसं असो, "तुम्ही जाऊन या, माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतो" हे ठरलेलं. नियम त्यांनी आनंदानं घेतले होते. त्यांना त्याचं ओझं कधीच नव्हतं. पण त्या नियमांमुळे त्या घरात एकट्या पडत चालल्या होत्या, आणि आम्हीही "आत्तींना नाही जमणार" म्हणून त्यांना न विचारताच बेत ठरवायला लागलो होतो. हे मला मनातून खुपत होतं. हे म्हणाले, आईला घेऊन तू आधी डोंगरगडला जा, मी लेकीला घेऊन जंगलात जातो. मला ते पटलं नाही. एका घरातली माणसं एकाच भागात जाऊन दोन ठिकाणी राहणार, तर मग जायचं कशाला?

आत्तींचा खरा आक्षेप पाण्याचा नव्हताच. त्या म्हणाल्या, "तीर्थाला जाणं वेगळं. रानात मौजेला जायचं, माती उकरायची, जाळ करायचा, हिरवं तुडवायचं, हा अनर्थदंड नाही का?" त्यांच्याजवळ याला उत्तर देणं सोपं नसतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला शेवटचा प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, वनस्पती तोडणं आणि विनाकारण हिंडणं-हिंडवणं. वाचलं तर वाटतं, कोणीतरी आजच्या सहलीचीच यादी केली आहे! तंबूच्या खुंट्या म्हणजे जमीन खणणं आलं, शेकोटी म्हणजे अग्नी आला.

मी त्यांना एवढंच म्हटलं की मौज नाही असं मी म्हणणार नाही, मौज आहेच. पण या यादीतल्या एकेका गोष्टीला टाळता येईल अशी जागा मिळाली तर याल का? आणि प्रतिक्रमणात आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्यांची क्षमा मागतो. तुमच्या नातीनं त्यातले किती जीव डोळ्यांनी पाहिलेत? आत्ती थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आधी जागा दाखव."

आता त्या भागाबद्दल. भंडारा आणि गोंदिया हा तलावांचा मुलूख. १९९९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आपल्याकडे नदी आणि विहीर यांवर शेती, तिकडे गावागणिक तळं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी बांधून पावसाचं पाणी अडवलं आणि खाली भात व ऊस पिकवला. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. पुढे मालगुजारांकडे गेलेली ही तळी मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' झाली. लोकांनी त्याचं सुटसुटीत 'मामा तलाव' करून टाकलं. मला हे नाव फार आवडलं. मोठी तळी वेगळी: नवेगावबांध, तिरोड्याकडची बोदलकसा आणि चोरखमारा, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. आणि या सगळ्यांमध्ये साग, ऐन, मोह, तेंदू यांचं जंगल. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ पासून आजूबाजूच्या अभयारण्यांसह सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प. म्हणजे वाघ आहेत, अस्वलं आहेत. राखीव जंगलात मनाला येईल तिथे तंबू लावता येत नाही, आणि लावूही नये. तंबू लावायचा तर जंगलाबाहेर, कोणाच्या तरी मालकीच्या जागेत, परवानगीनं.

महिना कोणता, हे जागेआधी ठरवावं लागतं. चातुर्मासात तर आपण प्रवास टाळतोच, आणि पावसाळ्यात तिकडे पाऊल टाकायला कोरडी जागा सापडणार नाही. दिवाळीनंतर लगेच भात उभं असतं, बांधावर गवत हिरवं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात आणि ती खायला अस्वलं येतात. शिवाय १५ फेब्रुवारीनंतर वणव्याचा काळ धरतात. उरला तो पौष-माघ. गवत वाळलेलं, किडामुंगी कमी, तळ्यांत अजून भरपूर पाणी, आणि बाहेरून आलेली बदकं अजून परत गेलेली नसतात. आम्ही जानेवारीच्या शेवटी निघालो.

एक गोष्ट तुमच्यापैकी ज्यांचा रात्रीभोजन त्याग आहे त्यांनी आवर्जून लक्षात ठेवा. गोंदिया आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सांगलीपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. घड्याळ सगळीकडे एकच, पण सूर्य नाही. आत्ती सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटोपतात. म्हणजे सव्वापाचच्या आत ताट उचललं पाहिजे. जंगलात फिरवणाऱ्या जिप्सीची दुपारची फेरी नेमकी याच वेळात अडकते. म्हणून आम्ही फक्त सकाळची फेरी घेतली, आणि तीही लेकीनं व ह्यांनी. मुक्कामाच्या जागी दुपारी तीनच्या आत पोचायचं हा नियमच केला. अंधारात पोचून तंबू लावणारे पुष्कळ असतात. आपण खाली काय आहे ते न बघता जमिनीवर काही अंथरू शकत नाही.

आता पाणी. आमचं सगळं गणित इथे अडलं होतं. गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं, लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर सहा तास, उकळलं तर २४ तास. उकळून बाटल्या भरून न्याव्यात असं वाटेल, पण गोंदियाचा प्रवासच २४ तासांहून मोठा आहे! आम्हाला नागपूर स्टेशनवर ओळखीच्या एका श्राविकेनं ताजं उकळलेलं पाणी फलाटावर आणून दिलं. त्या माउलीचे उपकार. मुक्कामी मात्र विहीर हवी, कारण गाळल्यावर जी जिवाणी उरते ती ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची असते. बोअरवेलमध्ये जिवाणी कशी सोडणार? नळाचं तेच. तळ्यातून पाणी घेतलं तर जिवाणी तळ्यात सोडता येते, पण तळ्याच्या काठाला चिखलात उतरावं लागतं, म्हणजे एकाला वाचवायला दहांना तुडवायचं. तेव्हा विहीर, काठ बांधलेली, आणि शक्यतो रहाट असलेली. आत्तींची तळाला कडी असलेली बादली आम्ही बरोबर घेतली होती. जिवाणी भरून ती सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की दुसऱ्या दोरानं उलटी करायची, वरून धबकन टाकायची नाही.

तंबूवाल्या लोकांना फोन करून मी हे विचारायला लागले तेव्हा गंमतच झाली. समोरचे सांगायचे, मॅडम, तलावाचा नजारा आहे, शेकोटी आहे, म्युझिक सिस्टीम आहे, गादी आहे. मी विचारायची, विहीर आहे का? एकानं विचारलं, "पडायची भीती वाटते का? झाकलेली आहे."

तीन जागा आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या. गोंदियाला धर्मशाळेत आत्ती आणि लेक राहिल्या, आणि आम्ही दोघं गाडी करून हिंडलो. हा एक दिवस वाया गेला असं समजू नका. फोटो बघून जागा ठरवणं आपल्यासारख्यांना परवडत नाही.

पहिली जागा इटियाडोहच्या बाजूला, अगदी पाण्याच्या कडेला. दृश्य असं की मी पाच मिनिटं काही बोललेच नाही. पाण्यापलीकडे निळे डोंगर, अलीकडे बदकांचे थवे. पण माघात पाणी ओसरायला लागतं आणि जी जमीन उघडी पडते ती ओली, वर बारीक हिरवळ उगवलेली. तंबू तिथेच लावतात. वाकून पाहिलं तर ती हिरवळ आणि तो चिखल नुसता जिवंत होता. शंख, किडे, बेडकाची बोटभर पिल्लं. शिवाय जवळच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, तेव्हा पुढे सगळीकडे गर्दी होणार होती. जागा सुंदर, पण आपली नाही.

दुसरी नागझिऱ्याच्या बाजूला. ही चांगली बांधलेली. फरशीचे चौथरे आणि त्यांवर तंबू कायमचे उभे. म्हणजे जमिनीचा प्रश्न मिटला. न्हाणीघर स्वच्छ, पायखाना तंबूपासून वीस पावलांवर. (हे बायकांनी पहिल्यांदा बघायचं. वाघाच्या मुलखात रात्री लांब चालत जायची गोष्टच नको.) 'जैन जेवण मिळेल' अशी पाटीही होती. स्वयंपाकघर बघू का म्हटलं तर जरा चुळबुळ झाली. आत एकच ओटा, एकच शेगडी, एकच पाटा, आणि मासे साफ करून ठेवलेले. ते लोक कांदा-लसूण न घालता देतात, त्याला जैन म्हणतात. त्यांच्यापरीनं त्यात खोट नव्हती. पण रात्री स्पीकर लावतात का विचारलं तर म्हणाले, शनिवारी लावतो, लोक त्याचसाठी येतात. आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसरी जागा अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका लहान मामा तलावाजवळ. शेतकरी नवरा-बायको, त्यांनी दोन वर्षांपूर्वी चार पैसे मिळावेत म्हणून पाहुणे घ्यायला सुरुवात केलेली. त्यांनी तळ्याच्या पाळीवर तंबू लावायची जागा दाखवली. मी तिथून खाली पाहिलं, तर शेतात त्यांचं खळं दिसलं. भात मळून झालं होतं, पेंढ्याची गंजी रचून झाली होती, आणि खळं मोकळं. बैलांनी, ट्रॅक्टरनं महिनाभर तुडवलेली, सारवून सिमेंटसारखी झालेली जमीन. गवताचं पातं नाही, मुंगीचं वारूळ नाही. खळ्याच्या पलीकडे विहीर, काठ बांधलेली, रहाटासकट. न्हाणीघर घराला लागून. मी विचारलं, आम्ही खळ्यात राहिलो तर चालेल का? बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "खळ्यात कोण झोपतं, बाई? लोक इतक्या लांबून तळं बघायला येतात."

आमच्या आत्तींनी मात्र दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरता उतरता ते खळं पाहिलं आणि चप्पल काढूनच आत पाऊल टाकलं. आपण शेतकऱ्याच्या पोरी, खळं म्हणजे काय ते आपल्याला सांगावं लागत नाही. त्यांनी आपली मऊ कुंचली काढली, तंबूपुरती जागा हळूच झाडली आणि म्हणाल्या, "इथं लाव. ही प्रासुक जमीन आहे."

लेक रुसली. तंबूच्या दारातून तळं दिसत नव्हतं, पेंढ्याची गंजी दिसत होती. "हे तर आपल्या आजोळसारखंच आहे, मग एवढ्या लांब कशाला आलो?" तिचंही खोटं नव्हतं. तिच्या मनात जे चित्र होतं त्यात खळं नव्हतं. मी तिला समजवायला गेले नाही. पाळ तंबूपासून तीनशे पावलांवर होती, तिला सांगितलं, उजेड आहे तोवर पाळीवर बस, वाटेल तेवढा वेळ बस. संध्याकाळी परत आली ती धावतच. खालच्या बांधीत दोन सारस होते, माणसाएवढे उंच, लाल मानेचे. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ याच भागात उरलेत, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. त्यांना भातशेती आणि तळी दोन्ही लागतात. दोघं एकमेकांना सोडत नाहीत म्हणतात. लेक म्हणाली, काठावर तंबू असता तर ते एवढ्या जवळ आलेच नसते. हे तिचं तिलाच सुचलं.

तंबू आम्ही घुमटासारखा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घेतला होता. त्याला खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत, चार कोपऱ्यांत वजन ठेवलं की झालं. दगड उचलायचे तर खाली विंचू, गोम काहीही असतं, म्हणून आम्ही घरच्याच सामानाच्या पिशव्या कोपऱ्यांत ठेवल्या. जाळीचं दार असल्यामुळे डासांसाठी कॉइल किंवा फवारा लागला नाही. शेकोटी केली नाही. थंडी होती, पण पेंढ्यावर घोंगडी आणि वर दोन गोधड्या, भागलं. रात्री दिवा बाहेर लावला नाही, कारण तळ्याजवळ उजेडावर किती किडे येतात ते सांगायला नको. बॅटरी फक्त पायाखाली.

शेगडी घरून नेली होती. सिलिंडर मात्र रेल्वेत नेता येत नाही, तो त्या बाईंनी दिला. पीठ, तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, दशम्या बरोबर होत्याच. भाजी तिथली. वालाच्या ओल्या शेंगा, दुधी, टोमॅटो. बाईंनी प्रेमानं कमळाचे कंद आणून दिले, तिकडे त्याची भाजी करतात. ते परत द्यावे लागले. कसं सांगावं मला सुचत नव्हतं, पण आत्तींनीच सांगितलं, "आम्ही जमिनीखालचं खात नाही, बाळ, राग मानू नको." शिंगाडे आणले तेव्हा मात्र आत्ती विचारात पडल्या. पाण्यात वाढतो, पण वेलीला लागतं ते फळ. चालतं. उकडून सगळ्यांनी खाल्ले. रानातला मध दोनदा नाकारला.

एक गोष्ट लिहावी की नको असं वाटत होतं, पण लिहिते. तळ्याकाठी राहायचं तर मासेमारी दिसणारच. त्या तळ्यांत ढीवर समाजाची पोटं आहेत. पहाटे होडी यायची, जाळी वाळत पडायची. जागा निवडताना मी एवढंच पाहिलं होतं की मासळी उतरवायचा घाट आमच्या वाटेवर नको. तो पाळीच्या दुसऱ्या टोकाला होता. तरी लेकीनं एकदा जाऊन पाहिलंच, आणि रात्रभर अस्वस्थ होती. आजीला म्हणाली, त्यांना सांगायला नको का? आत्ती म्हणाल्या, "आपली जमीन आहे म्हणून आपल्याला एवढं निवडता येतं. त्यांना काय निवडायला मिळालं?" यापुढे त्या दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी भांडी घासत होते.

संध्याकाळी जेवण लवकर उरकल्यामुळे आम्हाला रोज मोकळा तास मिळायचा. आत्ती तेव्हा देशव्रत घ्यायच्या. घरी त्या 'गल्लीच्या टोकापर्यंत' अशी मर्यादा घालतात. इथे त्यांनी ठरवलं, पूर्वेला विहीर, पश्चिमेला पाळ, उत्तरेला मोहाचं झाड, दक्षिणेला रस्ता, उद्या सूर्य उगवेपर्यंत याच्या बाहेर नाही. शास्त्रात या मर्यादा घर, गाव, शेत, नदी, वन अशाच सांगितल्या आहेत. पण गल्लीत राहून आपल्याला ते कधी दिसत नाही. दुसऱ्या रात्री लेकीनंही घेतलं. रात्री पाळीपलीकडून कसला तरी आवाज आला, भेकर असेल. ती तंबूच्या दारापर्यंत आली आणि थांबली. तिच्या मर्यादेत पाळ होती, पलीकडचं नव्हतं. तशीही त्या वेळी तिला मी जाऊ दिलं नसतंच, ते वेगळं!

तिथे आम्ही तीन रात्री राहिलो. नवेगावबांध दिवसा जाऊन पाहिला. आत्ती पाळीवर बसून सामायिक करायच्या. तिसऱ्या दिवशी त्या बाई विहिरीवर आल्या आणि जिवाणी कशी सोडतात ते बघत उभ्या राहिल्या. पाणी परत का टाकता, विचारलं. आत्तींनी सांगितलं. बाई म्हणाल्या, आमची आजी पाण्यात काही हलताना दिसलं की ओंजळ परत सोडायची, नाव काही नव्हतं त्याला.

चौथ्या दिवशी गोंदियाहून डोंगरगड. चंद्रगिरीवर क्षेत्राचीच सोय आहे, तिथे तंबूचा प्रश्नच नाही. आत्ती तिथे किती वेळ बसल्या आणि त्यांना काय वाटलं, ते त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

परतताना नागपूरला उतरून रामटेकला गेलो. शांतिनाथ भगवंतांची उभी मूर्ती तुम्ही पाहिली नसेल तर एकदा जाच. तिथे राहायची सोय क्षेत्रावर असते, पण जवळच खिंडसी तलाव आहे, आणि लेकीनं तिथे एक रात्र तंबूत राहायचा हट्ट धरला. होड्या आणि खाण्याच्या टपऱ्यांनी काठ भरलेला. मी नको म्हणणार, एवढ्यात आत्तींनी समोरच्या शेंगदाणेवाल्याला विचारलं, "दादा, इथं आसपास कुणाचं खळं, विहीर आहे का?" तो म्हणाला, मागच्या वाडीत विहीर आहे, पण रहाट मोडलाय. आत्ती ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बघून तर येऊ. दोर आपलाच आहे." सूर्य मावळायला तासच उरला होता, म्हणून ते राहून गेलं.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी महाशिवरात्रीच्या आधी जाऊन या. व्याघ्र प्रकल्पातली सकाळची फेरी आधी नोंदवावी लागते. गोंदियात एक दिवस जागा बघायला राखून ठेवा, आणि फोनवर विहिरीबरोबरच हेही विचारा की भात मळून झालं का, आणि खळं मोकळं आहे का.